एक काना जास्त

"तुम्ही लिफ्ट आहात!"

ती बोलून गेली आणि तिनं जीभ चावली. दुकानात शिरलेल्या माणसाच्या एका हातात चष्मा होता आणि दुसऱ्या हातात त्याच चष्म्याची काडी. तो फक्त एवढंच म्हणाला होता, "स्क्रू पडलाय. चष्म्याशिवाय स्क्रू दिसत नाही आणि स्क्रूशिवाय चष्मा बसत नाही. आता तुम्हीच काय ते करा." पण तो आवाज! कोपऱ्यावरच्या डोळ्यांच्या दवाखान्यात ती तयार चष्मे पोचवायला जायची, तेव्हा वर जाताना आणि खाली येताना हाच आवाज तिच्याशी बोलायचा. भारदस्त, शांत, कसली म्हणून घाई नसलेला. 'दार बंद होत आहे. कृपया मागे व्हा.' लिफ्टमध्ये एकटी असली तरी ती मागे व्हायची.

"हो," तो म्हणाला, "दवाखान्याची लिफ्ट मीच. आणि बँकेच्या फोनवर 'कृपया थोडा वेळ थांबा' म्हणतो, तोही मीच. त्यावर लोक मला शिव्या देतात म्हणे."

"मीसुद्धा दिल्यात."

"द्या की. मला कुठे ऐकू येतात!"

गल्ल्यामागून आत्या खुदकन हसली. दुकान मुळात आत्याचं. तिची नजर कमी झाली तसं काम भाचीच्या, म्हणजे हिच्या, हाती आलं. गिऱ्हाइकं भाचीला चष्मेवाल्या ताई म्हणायची. आत्याकडे आता गल्ला होता आणि येणाऱ्याजाणाऱ्याची चौकशी होती. दुसऱ्या कामात ती जास्त तरबेज होती.

ताईनं डबीतून स्क्रू निवडला, चिमट्यात धरला. तिळाहून बारीक वस्तू ती. जोरात श्वास सोडला तरी उडून जाते. तिनं श्वास रोखला. मान वर केली तर समोर तोही श्वास रोखून बसलेला.

"तुम्ही घ्या श्वास," ती म्हणाली, "एकाचा रोखलेला पुरतो."

काडी बसली. तिनं काचा पुसून चष्मा त्याच्या हातात दिला, तेव्हा तो गल्ल्यावर चिकटवलेल्या कागदाकडे डोळे बारीक करून बघत होता. चष्मा लावला आणि त्यानं वाचलं, "'चष्मा आणि इतर गोष्टी. आमचा ब्लॉग वाचा.' तुमचा?"

"हिचा," आत्या म्हणाली. "कुणी वाचत नाही."

"आत्या!"

"खोटं बोलते का मी? ज्यांच्यासाठी लिहितेस त्यांना वाचायला चष्मा लागतो. आणि चष्मा असतो तुझ्याकडे दुरुस्तीला."

खरंच होतं ते. काच सदऱ्याच्या टोकानं पुसू नये, चष्मा काचेवर पालथा ठेवू नये, असलं ती लिहायचीच, पण त्याहून जास्त लिहायची माणसांबद्दल. पहिला चष्मा लावल्यावर झाडाला सुटी सुटी पानं असतात हे बघून गप्प झालेली मुलगी. बायकोच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्या नवीन नंबरानं पहिल्यांदा दिसलेले गृहस्थ. ते म्हणाले होते, "जुनाच नंबर बरा होता हो." फार गोड लिहायची ती. वाचणारे मात्र बोटांवर मोजण्याइतके, आणि त्यातले निम्मे नात्यातले.

"मग ऐकवा ना लोकांना," तो म्हणाला. "लेख तोच. फक्त कानांनी वाचायचा. पॉडकास्ट करा."

"आणि बोलणार कोण?"

"तुम्ही."

"हा आवाज घेऊन?"

तिचा आवाज जाड होता, तळाशी थोडा खरखरीत. काचांचा घाऊक व्यापारी तिला फोनवर वर्षानुवर्षं साहेब म्हणत होता आणि तिनं त्याला कधी दुरुस्त केलं नव्हतं. "ऐकणारे चष्म्याकडे लक्ष देतील, की ही बाई आहे का बुवा, त्याकडे?" ती हसत म्हणाली, पण ते हसणं पूर्ण नव्हतं.

त्यानं तिच्याकडे पाहिलं. नुकत्याच पुसलेल्या काचांमधून, जरा जास्तच वेळ. "मग मी वाचू का?"

"घेणार काय?" आत्यानं लगेच विचारलं.

"अहो, लिफ्टमध्ये वाक्यं दोन. फोनवर एक. दोन-चार नवी वाक्यं बोलायला मिळाली तर उपकार होतील तुमचे."

---

आवाज धरायला खोली शांत लागते. खोलीत आवाज घुमता कामा नये. त्यानं दुकान फिरून पाहिलं, टाळ्या वाजवून पाहिल्या आणि डोळे तपासायच्या खोलीत जाऊन थांबला. लांबट, अरुंद, खिडकी नसलेली खोली. दाराला जाड काळा पडदा, खाली सतरंजी, टोकाला अक्षरांचा तक्ता. त्यानं टाळी वाजवली. टाळी जागच्या जागी विरली.

"इतकी चांगली खोली मला कुणी कधी दिली नव्हती," तो म्हणाला.

दुपारी दुकान थोडा वेळ बंद असायचं, तेव्हा तो यायचा. पंखा बंद करावा लागायचा, कारण पंख्याची घरघर माईकमध्ये येते. पेशंटच्या उंच खुर्चीवर तो, समोरच्या गोल स्टुलावर ती, मधे उभा केलेला माईक. तक्त्यामागचा दिवा तेवढा चालू. तो वाचायचा आणि ती ऐकायची. तिनं लिहिलेलं तिलाच ऐकायला मिळत होतं, आणि ते तिनं लिहिलं होतं त्याहून चांगलं वाटत होतं. बंद पंख्याखाली दोघं घामाघूम व्हायची, तरी वाचून झालं की लगेच पंखा लावायला कुणी उठायचं नाही.

पहिला भाग मात्र पार फसला.

त्यानं लेख इमानेइतबारे जसा होता तसा वाचला होता. 'सकाळी मी दुकानात आले, खुर्चीवर बसले आणि गिऱ्हाइकाला बघून जराशी लाजले.' तो लिफ्टचा भारदस्त आवाज, आणि 'लाजले'! आत्यानं ऐकलं आणि हसता हसता तिला गल्ला धरून उभं राहावं लागलं. भागाखाली एका श्रोत्यानं लिहिलं होतं, 'भाऊ, तब्येत बरी आहे ना?'

"मग 'आलो, बसलो' म्हणतो," तो म्हणाला.

"नको. मग ते माझं राहत नाही."

"आणि 'आले, बसले' म्हटलं तर माझं काही राहत नाही."

दोघं विचार करत बसली. मग तीच हळूच म्हणाली, "'मी दुकान उघडलं' हे चालतं. त्यात बाईही नाही, बुवाही नाही."

"'मी चष्मा पुसला.'"

"'मला दिसलं.' 'माझ्या लक्षात आलं.'"

"वा!" तो खुर्चीवर सरसावून बसला. "मग 'मी हसले'चं काय?"

"'मला हसू आलं.'"

"'मी रडले'?"

"'डोळ्यांत पाणी आलं.'"

"'मी घाबरले'?"

"'भीती वाटली.'"

"काय मजा आहे," तो म्हणाला. "हसू येतं, रडू येतं, झोप येते, राग येतो. माणूस बिचारा नुसता बसलेला, आणि सगळं आपलं आपण येतंय."

असा त्यांचा खेळ सुरू झाला. लेख वाचण्याआधी दोघं मिळून त्यातले सगळे 'ले' आणि 'ते' वेचून काढायची. तांदळातले खडे निवडावेत तसे. 'मी घरी निघाले'चं 'पावलं घराकडे वळली' झालं. 'मी चिडले'चं 'डोकं फिरलं' झालं. कधी एकाच शब्दावर दुपार जायची. ती जायला दोघांचीही हरकत नसायची.

एकदा कागदावरून नजर न काढता त्यानं विचारलं, "'मी प्रेमात पडले'... हे कसं बदलायचं?"

"कुठे आहे? मी कुठे लिहिलंय असं?"

"लिहिलं नाहीत. सहज विचारलं. पुढेमागे लागलं तर."

ती स्टुलावर बसल्या बसल्या तक्त्याकडे बघायला लागली. "...जीव जडला," ती म्हणाली.

"कुणाचा, ते कळत नाही त्यात."

"तेच तर हवंय ना आपल्याला?"

"हो," तो म्हणाला. "आपल्याला तेच हवंय."

पडद्याबाहेरून आत्याचा आवाज आला, "रेकॉर्डिंग चाललंय का नुसतं चाललंय?"

---

लोक ऐकायला लागले. आधी कोपऱ्यावरच्या दवाखान्यात. ऑपरेशन झालेल्या, डोळ्यांवर पट्टी बांधलेल्या माणसांनी दिवसभर करायचं काय? तिथल्या सिस्टरबाईंनी खाटेशेजारी फोन ठेवून एक भाग लावला. मग वॉर्डातून मागणी व्हायला लागली. पेशंट घरी जाताना पॉडकास्टचं नाव विचारून घेऊन गेले. एक शिंपीणबाई शिवता शिवता ऐकायच्या, एक ट्रकवाला दूर कुठल्यातरी रस्त्यावरून कळवायचा की त्यानं कालपासून गाडीची समोरची काच नीट पुसायला घेतली आहे. वर्षभर जे लेख कुणी उघडून पाहिले नव्हते, ते आता लोकांच्या कानाशी जाऊन बसत होते. दुकानात येऊन माणसं विचारायची, "वाचणारे ते कुठे असतात?"

"दुपारी असतात," आत्या सांगायची. "तशी इकडे कुणालातरी सकाळपासूनच दुपार झालेली असते."

पण चांगला आवाज फार दिवस लपून राहत नाही. लांबच्या मोठ्या शहरात एक कंपनी होती. ती पुस्तकंच्या पुस्तकं वाचून घ्यायची. त्यांनी हे भाग ऐकले आणि त्याला भेटायला बोलावलं. ते सांगताना त्याचा चेहरा उजळला होता आणि ते लपवायचा तो प्रयत्नही करत होता.

"आख्खी पुस्तकं," तो म्हणाला. "सुरुवात, मध्य, शेवट. आजवर मी लोकांना नुसतं मागे व्हा आणि थांबा एवढंच सांगत आलोय हो."

"जायलाच हवं," ती म्हणाली. आणि मनापासून म्हणाली, हेच अवघड होतं.

तो आठवडाभर गेला. दुपारी तिनं एकटीनं पडद्याच्या आत बसून बघितलं, पण त्या खोलीत तिच्या स्वतःच्या श्वासाचाही आवाज घुमत नव्हता. मग ती चष्मे पोचवायला दवाखान्यात गेली. काम तळमजल्यावरच होतं. तरी ती लिफ्टमध्ये शिरली. वरपर्यंत गेली, खाली आली, पुन्हा वर गेली. 'दार बंद होत आहे,' तो दर वेळी तिला सांगत होता. 'कृपया मागे व्हा.' लिफ्टमध्ये शिरलेल्या सिस्टरबाईंनी विचारलं, "कितवा मजला, ताई?" आणि तिनं घाईघाईनं कुठलंतरी बटण दाबलं.

त्या संध्याकाळी तिनं लेख लिहिला. वरवर पाहिलं तर तो तयार चष्मा न्यायला न आलेल्या गिऱ्हाइकाबद्दल होता. शेवट असा होता: 'चष्मा तयार होता. रस्त्यावरचे दिवे लागले. आत्या म्हणाली, आता कोण येणार, चल. पण मी वाट पाहत होते.'

मग नेहमीसारखे तिनं 'ले' आणि 'ते' काढले. सगळे निघाले. शेवटचा एक राहिला. 'वाट पाहणं चालू होतं' करून पाहिलं, ते कचेरीतल्या कागदासारखं वाटलं. 'मी वाट पाहिली' सहज करता आलं असतं. त्यात बाई नाही, बुवा नाही. पण पाहिली म्हणजे पाहून झाली, संपली. तिचं तर चालूच होतं. तिनं 'होते' तसंच ठेवलं.

तो परत आला तेव्हा नोकरी पक्की झाली होती. पुढल्या आठवड्यात जायचं होतं. दुकानात त्या दिवशी गर्दी होती, म्हणून तिनं लेखाचा कागद त्याच्या हातात ठेवला आणि ती गिऱ्हाइकांकडे वळली. तो एकटाच पडद्याच्या आत गेला. बराच वेळ आत होता. बाहेर आला तो "येतो" एवढंच म्हणून निघून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाग आला. आत्यानं गल्ल्यावर फोन ठेवून मोठ्यांदा लावला. ती काच घासत होती. तो शांत आवाज शेवटापर्यंत आला. रस्त्यावरचे दिवे लागले. आत्या म्हणाली, आता कोण येणार, चल.

'पण मी वाट पाहत होतो.'

काच घासायचं चाक नुसतंच फिरत राहिलं.

"हे काय म्हणाला गं तो?" आत्यानं विचारलं.

"चुकला असेल."

"हूं," आत्या म्हणाली. तिचा 'हूं' एवढा लांब कधी नसायचा.

श्रोत्यांना मात्र शंका आली नाही. त्यांनी सगळी गोष्ट त्याचीच धरून टाकली. शिंपीणबाई कापडाची पिशवी घेऊन तडक दुकानात आल्या. "अहो ताई, मग ती आली का?"

"कोण?"

"ज्यांची ते वाट बघत होते, ती! मला रात्रभर चैन नाही."

ट्रकवाल्यानं लिहिलं होतं, 'भाऊ, किती वाट बघणार? स्वतःहून जा.' वॉर्डात तर म्हणे दोन खाटांचं भांडण लागलं. एक आजोबा म्हणाले, ती येणार. दुसरे म्हणाले, तिला पत्ताच नसणार याच्या मनाचा. दोघांच्याही डोळ्यांवर पट्ट्या होत्या.

ती मात्र दिवसभर एकाच अक्षराभोवती फिरत होती. 'ते'च्या शेजारी एक उभी रेघ आली की 'तो' होतो. एक काना. एवढीशी रेघ चुकून जिभेवर येऊ शकते. वाचणारा पुरुष असला तर आणखीच सहज येऊ शकते. ते चुकून आलं असेल, तर तिनं मनात जे काही बांधलं होतं ते त्या रेघेवरच उभं होतं. तो चार दिवसांत जाणार होता. न विचारता गेला असता तर ती जन्मभर ती रेघ बघत बसली असती. आणि विचारायचं म्हणजे, कसं विचारायचं?

तो आला तो जायच्या आदल्या दिवशी. दुपारीच आला, पण दार अर्धं ढकलून तिथेच उभा राहिला.

"निरोप घ्यायला आलोय," तो म्हणाला.

"शेवटच्या भागात एक चूक राहिलीय," ती म्हणाली. हे असं एकदम बोलायचं तिच्या मनात नव्हतं.

"हो... लोकांनी कळवलं." त्यानं चष्मा काढला, पुसला, परत लावला. "डोळ्यांमुळे झालं ते. हल्ली उभ्या रेघा दुहेरी दिसतात मला. 'ते'पुढे काना दिसला. म्हटलं, असेल तसंच."

"उभ्या रेघा?"

"उभ्याच."

"मग तो नंबर वेगळा असतो. तपासायला हवा." तिनं काळा पडदा बाजूला केला. "बसा."

तो पेशंटच्या खुर्चीवर बसला, नेहमीच्याच. पण आज मधे माईक नव्हता. तिनं त्याचा जवळचा, वाचायचा चष्मा उतरवून जड तपासणी-चौकट त्याच्या नाकावर ठेवली, एका डोळ्यापुढे काळी झाकणी सरकवली. समोरच्या तक्त्यावर एक गोल होता. त्यात सूर्याच्या किरणांसारख्या चहूकडे पसरलेल्या रेघा, उभ्या, आडव्या, तिरप्या.

"नीट बघून सांगा. यातल्या कुठल्या रेघा जास्त काळ्या दिसतात? कुठल्या फिकट, कुठल्या दुहेरी?"

त्यानं मन लावून पाहिलं. प्रामाणिक माणूस होता. कुणी विचारलं की खरं सांगायची सवय होती.

"सगळ्या सारख्याच," तो म्हणाला.

तिनं झाकणी दुसऱ्या डोळ्यापुढे सरकवली. "आणि आता?"

"आताही सार..." तो थांबला.

खोलीत काही घुमत नव्हतं. तो अर्धा शब्दही तिथंच विरून गेला.

"तुमच्या डोळ्यांत काही दोष नाही," ती म्हणाली. तिचा जाड आवाज आणखी खाली गेला होता. "उभी रेघ तुम्हाला एकच दिसते. जिथे नाही, तिथे दिसत नाही."

त्यानं चौकट काढून मांडीवर ठेवली. "आधी बरोबरच वाचलं होतं मी," तो हळू म्हणाला. "'होते.' अगदी स्वच्छ आलं होतं. मग मागे गेलो, ते पुसलं... आणि परत वाचलं."

"का?"

"तुम्ही सगळी वाक्यं बदललीत. तेवढं एकच ठेवलंत. मला वाटलं, विसरला असाल. मग वाटलं, ही बाई विसरणाऱ्यातली नाही." त्यानं तिच्याकडे पाहिलं. "वाटलं, विचारलंय काहीतरी. तर उत्तर द्यावं."

"आणि मग ते डोळ्यांवर ढकललंत."

"घाबरलो."

"'भीती वाटली' म्हणा."

"नाही. आता नाही. भीती कुठून येऊन वाटली नव्हती. मी घाबरलो होतो. मीच."

ती हसली, आणि हसता हसता तिला पदोपदी जपलेलं सगळं सोडून द्यावंसं वाटलं. "मीही घाबरले होते," ती म्हणाली. "लिहिलं तेव्हा. ऐकलं तेव्हा. आत्ता तुम्हाला इथे बसवलं तेव्हा तर फारच घाबरले होते."

'घाबरले' हा शब्द तिनं कित्येक महिन्यांत उच्चारला नव्हता. त्या खोलीत तो छान वाटला.

"उद्या जायचं नाही असं..." त्यानं सुरुवात केली.

"असं काही बोलू नका," ती चटकन म्हणाली. "तुम्ही जायचं. आख्खी पुस्तकं वाचायची. मी तुम्हाला थांबवून घेतलं, तर तुम्ही परत लिफ्टमध्ये अडकाल, आणि मला मग दर मजल्यावर वाईट वाटेल."

"आणि इथले लेख कोण वाचणार?"

"मी."

"तुमच्या आवाजात?"

"जसा आहे तसा. एकही वाक्य न बदलता. लोकांना काय वाटायचं ते वाटो. ट्रकवाला विचारील, भाऊ, घसा बसला का."

"मी ऐकेन," तो म्हणाला. "रोज ऐकेन. पण..." ज्या माणसाचं सगळं आयुष्य वाचण्यात गेलं होतं, त्याच्यासमोर आज कागद नव्हता.

ती उठली. तक्त्यामागचा मोठा दिवा लावला. "शेवटची ओळ वाचा."

त्यानं वाचली. बारकीतली बारकी अक्षरं, एकही न चुकता.

"तुम्हाला लांबचा चष्मा लागेल," ती म्हणाली.

"आत्ता तर सगळं वाचलं!"

"वाचलंत. पण तिकडे गेल्यावर लागेल. तिकडून इथलं काही दिसणार नाही."

तो बघतच राहिला. मग त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू उजेड पडला. "नंबर काय असेल?"

"शून्य. साधी काच."

"तयार कधी होईल?"

"वेळ लागेल. महिनाभर तरी. मग न्यायला यावं लागेल."

पडदा जाड होता, पण आत्याचे कान शाबूत होते. "अगं, शून्य नंबराला न्यायला कशाला यावं लागतंय?" ती बाहेरून ओरडली. "पोस्टानं पाठव की!"

"नाकावर बसवूनच द्यावा लागतो, आत्या. दुकानाचा नियम आहे."

"हा नियम कधी केला?"

"आत्ता!"

बाहेर आत्या काहीतरी पुटपुटली. मग दुकानाच्या बाहेरच्या दाराला आतून कडी घातल्याचा आवाज आला, आणि त्यापाठोपाठ ती कुणालातरी काचेतून सांगत असलेली ऐकू आली, "दुपारचं बंद आहे. संध्याकाळी या."

ताईनं खिशातून छोटी पट्टी काढली. नवीन चष्मा करायचा तर दोन बाहुल्यांमधलं अंतर मोजावं लागतं. त्याचा जुना चष्मा दुसऱ्या कुणीतरी केलेला होता, त्यामुळे तिनं त्याचे डोळे कधी मोजले नव्हते. हे काम ती रोज करायची, येईल त्याच्यासाठी. दोन चेहऱ्यांमधे वीतभर जागा असते, आणि तिला तिचं कधी काही वाटलं नव्हतं.

पट्टी तिनं त्याच्या नाकावर टेकवली. "माझ्या डाव्या डोळ्यात बघा," ती म्हणाली. "हां... आता उजव्या."

त्यानं पाहिलं. आधी डाव्या, मग उजव्या. मग सांगितलेलं नव्हतं तरी दोन्ही.

"किती आलं?" थोड्या वेळानं त्यानं विचारलं.

तिनं पट्टी खाली घेतली.

"...बघायचं राहिलं," ती म्हणाली.

"मग पुन्हा बघा."

"हलू नका."

तो हलला नाही. गाडी उद्या सकाळची होती. तिनं पट्टी पुन्हा धरली.